एकास तीन, तयार दोन : रासायनिक समीकरणातल्या प्रमाणांचा आढावा

युरियाच्या गोणीवर '४६ टक्के नत्र' असे छापलेले असते. हा आकडा कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही काढता येतो. युरियाच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, हायड्रोजनचे चार, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचा एक. वजने मांडली तर २८ अधिक ४ अधिक १२ अधिक १६, म्हणजे ६०. त्यातले २८ नायट्रोजनचे, म्हणजे शेकडा ४६.७. थोडा ओलावा आणि थोडी अशुद्धी धरून गोणीवर ४६ येतात. पुढचा प्रश्न जास्त रंजक आहे. ही ४५ किलोची गोणी भरायला कारखान्यात काय काय किती लागले असेल? युरिया तयार होतो तो अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू एकत्र येऊन. सोबत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. वजनांत ३४ आणि ४४ मिळून ६० आणि १८. तेव्हा एका गोणीमागे साडेपंचवीस किलो अमोनिया, ३३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि उरलेले साडेतेरा किलो पाणी. हिशेब चोख जुळतो.

आता एक पाऊल मागे जाऊ. अमोनिया कुठून येतो? नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या खत कारखान्यात मिथेन, पाण्याची वाफ आणि हवा यांपासून. मधल्या सगळ्या पायऱ्या एकत्र करून, हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन चारास एक धरून, जे समीकरण उरते ते असे : ७ मिथेन + १० पाणी + ८ नायट्रोजन + २ ऑक्सिजन → १६ अमोनिया + ७ कार्बन डायऑक्साइड. सोळा अमोनियाचा युरिया करायला आठ कार्बन डायऑक्साइड हवेत. हाती आहेत सात. म्हणजे आदर्श परिस्थितीतही दर सोळा रेणूंमागे अमोनियाचे दोन रेणू जोडीदाराविना राहणार. कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो म्हणून ज्या उद्योगाला बोल लावला जातो, त्यालाच तो कमी पडतो, ही गंमत रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच सांगितली जाते. भारतातल्या काही युरिया कारखान्यांनी यावर तोड म्हणून भट्टीच्या चिमणीतल्या धुरातून हा वायू वेगळा काढायची यंत्रणा बसवली. कोट्यवधी रुपयांच्या त्या यंत्रणेचे कारण सात आणि आठ यांच्यातला फरक.

संतुलित समीकरणावरून मोलांची प्रमाणे काढणे हा शाळा-कॉलेजातला एक कंटाळवाणा धडा समजला जातो, आणि शिकवलाही तसाच जातो. त्यातले गणित म्हणजे निव्वळ त्रैराशिक. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त बाराव्या शतकात जे शिकवले, त्यापलीकडे त्यात काही नाही. अवघड भाग गणिताचा नाहीच. ही प्रमाणे कशाची आहेत, त्यांच्यावर कितपत भरवसा टाकायचा, आणि ती काय सांगत नाहीत, हे कळणे अवघड आहे. रसायनशास्त्रज्ञांनाही ते कळायला सत्तर वर्षे लागली.

सर्वांत साधे उदाहरण अमोनियाचे. नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन, तयार होतात अमोनियाचे दोन. एक, तीन, दोन हे सहगुणक कणांची संख्या सांगतात. ग्रॅम सांगत नाहीत. ग्रॅममध्ये हेच समीकरण २८ आणि ६ मिळून ३४ असे वाचावे लागते. इथे विद्यार्थ्याला पहिला धक्का बसायला हवा, पण बसत नाही : चार रेणू आत गेले आणि दोनच बाहेर आले. रेणूंची संख्या टिकत नाही, मोल टिकत नाहीत, वायूचे आकारमानही टिकत नाही. टिकतात ते फक्त अणू, आणि अणू टिकतात म्हणून वजन टिकते. समीकरण संतुलित करणे म्हणजे एवढीच एक अट पाळणे : डावीकडचा प्रत्येक अणू उजवीकडे सापडला पाहिजे. रेणूची सूत्रे मात्र बदलायची नाहीत, कारण सूत्र बदलले की पदार्थच बदलतो.

वजन टिकते हे आंत्वान लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ठामपणे मांडले. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा आधीचे आणि नंतरचे सगळे पदार्थ तोलून त्याने चक्क बरोबरचे चिन्ह घातले : एका बाजूला द्राक्षरस, दुसऱ्या बाजूला कार्बोनिक आम्ल आणि अल्कोहोल. रासायनिक समीकरणाचा हा पूर्वज. त्यात सहगुणक नव्हते, कारण मोजायला कणच नव्हते. होती ती केवळ वजने.

तीन वर्षांनी, १७९२ मध्ये, येरेमियास बेन्यामिन रिश्टर या जर्मन गृहस्थाने या मोजणीच्या शास्त्राला 'स्टॉइकिओमेट्री' हे आजचे नाव दिले. रिश्टरला गणिताचे वेड होते. त्याचा १७८९ चा प्रबंधच मुळी रसायनशास्त्रातल्या गणिताच्या उपयोगावर होता. त्याचे निरीक्षण साधे आणि सुंदर होते. दोन उदासीन क्षारांची द्रावणे एकमेकांत मिसळली आणि त्यांच्यात आम्ल-आम्लारींची अदलाबदल झाली, तरी मिश्रण उदासीनच राहते. याचा अर्थ, एखाद्या आम्लाच्या ठरावीक वजनाला पुरे पडणारी वेगवेगळ्या आम्लारींची वजने दुसऱ्या आम्लालाही त्याच प्रमाणात पुरे पडतात. प्रमाणे एका अभिक्रियेतून दुसरीत उचलून नेता येतात, हे प्रथम त्याने दाखवले. पुढे मात्र तो वाहवत गेला. आम्लांची वजने भूमितीश्रेणीत आणि आम्लारींची अंकगणिती श्रेणीत बसतात असे त्याला वाटू लागले, आणि आकडे त्या साच्यात बसवण्याच्या नादात त्याची पुस्तके इतकी दुर्बोध झाली की फार थोड्यांनी वाचली. एर्न्स्ट गॉटफ्रीड फिशरने १८०२ मध्ये त्यातले सार एका तक्त्यात मांडले, तेव्हा कुठे ती कल्पना युरोपभर पोचली.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांत तोवर वेगळाच वाद रंगला होता. संयुगातले घटक नेहमी एकाच प्रमाणात असतात असे जोझेफ प्रूस्त म्हणत होता. बेर्तोले म्हणत होता, प्रमाण परिस्थितीनुसार बदलू शकते. प्रूस्त जिंकला, आणि ते बरेच झाले, कारण स्थिर प्रमाण नसते तर समीकरण लिहिण्यात अर्थच उरला नसता. पण बेर्तोले अगदीच चुकीचा नव्हता. लोखंडाचा एक ऑक्साइड आपण वहीत एकास एक असा लिहितो. प्रत्यक्ष स्फटिकात शंभर ऑक्सिजनमागे लोखंडाचे साधारण पंच्याण्णवच अणू असतात. अशा घन संयुगांना विसाव्या शतकात 'बेर्तोलाइड' म्हणू लागले, हा त्या हरलेल्या माणसाचा उशिरा झालेला सन्मान.

खरी कोंडी झाली ती जॉन डाल्टननंतर. १८०८ च्या पुस्तकात त्याने अणू मांडले, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचे वजन दिले, आणि मग तो अडला. पाण्यात एक भाग हायड्रोजनला सुमारे सात भाग ऑक्सिजन असतो, असे त्या वेळचे मोजमाप सांगत होते (आज आठ म्हणतो). पण अणू किती? डाल्टनने ठरवले, दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल तर ते एकास एक समजायचे. म्हणून त्याचे पाणी एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. अमोनियाही एक नायट्रोजन, एक हायड्रोजन. वजनांचे प्रमाण बरोबर, कणांचे प्रमाण अंदाजपंचे. यातून सुटण्याची किल्ली त्याच सुमारास गे-ल्युसॅकने पुढे केली होती. वायू एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा त्यांची आकारमाने लहान पूर्णांकांत असतात : हायड्रोजनची दोन मापे, ऑक्सिजनचे एक, वाफेची दोन, नायट्रोजनचे एक माप, हायड्रोजनची तीन, अमोनियाची दोन. आजच्या समीकरणातले सहगुणक जणू थेट मोजपात्रात दिसत होते.

डाल्टनने ते मानले नाही. समान आकारमानात समान कण धरले, तर नायट्रोजनच्या एका मापातून अमोनियाची दोन मापे होताना नायट्रोजनचा कण दुभंगावा लागतो. आणि अणू तर अभंग. १८११ मध्ये अमेदेओ आव्होगाद्रोने उत्तर दिले की दुभंगतो तो रेणू, अणू नव्हे. नायट्रोजनच्या वायूतला कणच मुळी दोन अणूंचा आहे. हे उत्तर जवळपास पन्नास वर्षे पडून राहिले. त्या काळात एकाच संयुगाला वेगवेगळे लोक वेगवेगळी सूत्रे देत. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे युरोपभरचे शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ हा गोंधळ मिटवायला जमले, आणि परिषद काहीही न ठरवता संपली. जाता जाता मात्र सगळ्यांच्या हातात स्तानिस्लाओ कॅनिझारोची एक पुस्तिका पडली. आव्होगाद्रोला खरे मानले तर अणुभार निःसंदिग्ध काढता येतात, हे त्यात पायरीपायरीने दाखवले होते. लोथार मायर आणि मेंडेलीव्ह दोघेही त्या परिषदेत हजर होते. आवर्तसारणीची वाट तिथून मोकळी झाली. संतुलित समीकरणातला एकेक सहगुणक आपण आज बिनदिक्कत लिहितो, तो या भांडणातून सुटून आलेला आहे.

राहिला प्रश्न कण आणि तराजू यांची गाठ घालण्याचा. समीकरण कण मोजते, माणूस वजन करतो. बँकेत नाण्यांच्या पिशव्या मोजण्याऐवजी तोलतात, तेच इथे करायचे : एका नाण्याचे वजन ठाऊक असले की पिशवीच्या वजनावरून नग कळतात. ही मोजणी सोपी करणारी राशी म्हणजे मोल. ते एकक १८९० च्या दशकात रूढ केले विल्हेल्म ओस्टवाल्डने, आणि नवल असे की त्याचा त्या वेळी अणूंवर विश्वासच नव्हता! त्याच्या दृष्टीने मोल म्हणजे ग्रॅममध्ये लिहिलेला रेणुभार, बस्स. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतले सातवे मूलभूत एकक झाले. तेव्हा त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून ती दोरी कापली गेली. आता एक मोल म्हणजे ६०२२१४०७६ या आकड्यापुढे पंधरा शून्ये मांडून येतील तितके कण. कमी नाहीत, जास्त नाहीत. व्यवहारात याने काही बदलले नाही. अर्थ मात्र स्वच्छ झाला : मोल ही संख्या आहे, वजन नव्हे.

आपल्याकडच्या शाळांत हा अर्थ नेमका कुठे सांडतो, ते पाहण्यासारखे आहे. बालभारतीच्या पुस्तकांत मोल भेटतो नववीत, 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात. समीकरणे संतुलित करायला शिकवतात दहावीत. दोन्ही एकत्र करून प्रमाणे काढायची अकरावीत. तीन वर्षे, तीन तुकडे. नववीतल्या मुलाला मोल कशासाठी हवा, हे कळायला त्याला दोन वर्षे थांबावे लागते. तोवर तो एक न समजलेला अगडबंब आकडा म्हणून पाठ झालेला असतो. मला विचाराल तर मोल आणि समीकरण एकाच आठवड्यात शिकवायला हवे, अमोनियाचे एकच उदाहरण घेऊन, भले बाकी सगळे पुढच्या वर्षी ढकला.

पाठांतर आणि समज यांतली दरी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये यारॉक यांनी शाळकरी मुलांच्या मुलाखती घेतल्या. समीकरणे संतुलित करणे या मुलांना जमत होते. त्यातलेच रेणू चित्रात काढून दाखवा म्हटल्यावर बरीच जण गडबडली; 'तीन हायड्रोजन रेणू' या जागी एकमेकांना चिकटलेल्या सहा अणूंची माळ आली. म्हणजे सहगुणक तीन आणि रेणूच्या पायथ्याशी लिहिलेला दोन, यांतला फरक त्यांच्या लेखी गुणाकारापुरताच होता. दोन वर्षांनी न्यूरेनबर्न आणि पिकरिंग यांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांबाबत हेच दाखवले : गणिते सुटतात, पण त्याच विषयावरचा कणांच्या चित्राचा प्रश्न सुटत नाही. गणित सुटले म्हणजे विषय समजला, या शिक्षकांच्या समजुतीला तो चांगलाच तडा होता. प्रश्नपत्रिका अजून त्यातून सावरलेल्या नाहीत.

बारावीच्या प्रात्यक्षिकातले अनुमापन घ्या. फेरस अमोनियम सल्फेट शंकुपात्रात, पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये, आणि शेवटी टिकून राहणारा फिकट गुलाबी रंग. फेरसच्या ०.१ मोलर द्रावणाचे १० मिलिलिटर घेतले आणि परमँगनेट ०.०२ मोलर असेल, तर ब्युरेटचे वाचन किती यावे? समीकरणात परमँगनेट एकाला फेरस पाच. फेरस एक मिलिमोल, म्हणून परमँगनेट त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ मिलिमोल, तेवढे १० मिलिलिटरमध्ये येते. हे एकास पाच विसरून ज्याने 'एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू' लावले, त्याचे उत्तर येते ५० मिलिलिटर, म्हणजे पुरी ब्युरेट रिकामी. जुन्या पिढीला हा घोळ ठाऊक नाही, कारण ती नॉर्मॅलिटीत शिकली. तिथे एकास पाच हे प्रमाण द्रावणाच्या संहतीतच मुरवून टाकलेले असे आणि दोन्ही बाजू आपोआप सारख्या होत. सोय मोठी होती, पण जे प्रमाण शिकायचे तेच डोळ्यांआड जात होते. नॉर्मॅलिटी मागे पडली याचे मला दुःख नाही. तिच्या जागी तितकेच आंधळे दुसरे सूत्र पाठ करवले जाते, याचे आहे.

परमँगनेटचीच आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाजू तिच्यात आहे. आम्लयुक्त परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे समीकरण पुस्तकात असते ते असे : २ परमँगनेट, ५ पेरॉक्साइड आणि ३ सल्फ्युरिक आम्ल यांपासून १ पोटॅशियम सल्फेट, २ मँगनीज सल्फेट, ८ पाणी आणि ५ ऑक्सिजन. आता पेरॉक्साइड ५ ऐवजी ७ करा, पाणी ८ ऐवजी १० आणि ऑक्सिजन ५ ऐवजी ६. बाकी तसेच ठेवा आणि अणू मोजा. एकही अणू इकडचा तिकडे होत नाही. समीकरण तंतोतंत संतुलित, आणि साफ चुकीचे. पेरॉक्साइड स्वतःच्या स्वतः पाणी आणि ऑक्सिजन यांत फुटते, ती दुसरी अभिक्रिया यात गुपचूप मिसळली गेली. अशी समीकरणे हवी तितकी बनवता येतात. त्यातले खरे कोणते, हे अणूंची मोजणी सांगू शकत नाही. मँगनीजचा प्रत्येक अणू पाच इलेक्ट्रॉन घेतो आणि पेरॉक्साइडचा रेणू दोन देतो, म्हणून दोनास पाच, हे इलेक्ट्रॉनांचे ज्ञान बाहेरून आणावे लागते. संतुलन ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. कोणती अभिक्रिया घडते हे आधी प्रयोगातून कळलेले असावे लागते. समीकरण त्यानंतरचा हिशेब मांडते.

आणि तो हिशेब कमाल मर्यादेचा असतो. सगळे काही पूर्ण झाले तर यापेक्षा जास्त मिळणार नाही, इतकेच तो सांगतो. त्यातही दोन अभिकारकांपैकी जो आधी संपतो तो ती मर्यादा ठरवतो. मुले त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणून ओळखतात. घरात याचे सर्वांत गंभीर उदाहरण गॅसचे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. सोयीसाठी सगळे ब्युटेन धरू. २ ब्युटेनला १३ ऑक्सिजन, तयार ८ कार्बन डायऑक्साइड आणि १० पाणी. या हिशेबाने १४.२ किलोचा एक सिलिंडर जळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी तयार होते. हवेच्या भाषेत बोलायचे तर दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा सहा-साडेसहा खोल्यांतला सगळा ऑक्सिजन. खिडकी उघडी असते तोवर हवा अमर्याद असते आणि इंधनच आधी संपते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरपाशी हे उलटते. ऑक्सिजन कमी पडू लागला की ब्युटेन थांबत नाही, तो दुसरे समीकरण पकडतो : २ ब्युटेनला ९ च ऑक्सिजन आणि तयार ८ कार्बन मोनॉक्साइड. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया मिसळून चालतात, पण तेरा आणि नऊ यांमधला तो टापू जीवघेणा आहे. गीझर लावायचा तर खिडकी उघडी ठेवा, या सूचनेमागचे गणित हे.

गाडीच्या इंजिनात हीच मर्यादा जाणूनबुजून काट्यावर तोलून धरतात. पेट्रोलच्या एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला १७ च्या थोडी वर. पूर्वी गॅरेजवाला कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून, इंजिनाचा आवाज ऐकून ते जुळवायचा, आणि त्यात काही जण खरोखर वस्ताद असत. एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आल्यावर दुचाक्यांतही इंधन फवारणारी यंत्रणा आणि धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. कारण धुरातले विषारी वायू निवळणारा त्रिमार्गी उत्प्रेरक या प्रमाणाच्या अगदी आसपासच नीट चालतो. हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात. कमी झाली तर कार्बन मोनॉक्साइड.

साखर कारखान्यांच्या आसवन्यांत समीकरण रोजच्या रोज परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले असते. एक ग्लुकोज फुटून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १८० चे ९२ आणि ८८. हे समीकरण गे-ल्युसॅकच्या नावाने ओळखतात. याप्रमाणे एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.६५ लिटर अल्कोहोल. समजा एक टन मळीत ग्लुकोजच्या भाषेत ४०० किलो आंबणारी साखर आहे. तर मर्यादा सुमारे २५९ लिटर. प्रत्यक्षात २३३ मिळाले तर किण्वनाची कार्यक्षमता ९० टक्के. उरलेले गेले कुठे, हे लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास शोधले : यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीला वापरते, काहीचे ग्लिसरॉल आणि सक्सिनिक आम्ल करते. त्यामुळे शंभर टक्के कधीच मिळत नाही, आणि कुणी मिळाल्याचे सांगितले तर आधी त्याचे साखर मोजण्याचे तंत्र तपासावे. त्यातही एक खाचखळगा आहे. उसाची साखर सुक्रोज असते, आणि ती फुटताना पाण्याचा एक रेणू आत घेते. म्हणून ३४२ किलो सुक्रोजचे ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात. हे पाच टक्के ज्याने धरले नाहीत त्याची कार्यक्षमता कागदावर फुगते, आणि व्यवस्थापक खूश होतो.

अमोनियात तर मर्यादा आणि वास्तव यांतले अंतर फारच मोठे. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलेली आणि १९१३ पासून ओपाऊ येथे कारखान्यात उतरलेली ही अभिक्रिया उलटही चालते. एका फेरीत पंधरा टक्क्यांच्या आसपासच वायू अमोनिया होतो. मग एकास तीन या प्रमाणाचा उपयोग काय? उपयोग असा की अमोनिया थंड करून वेगळा काढला की उरलेले वायू त्याच प्रमाणात असतात आणि पुन्हा फिरवता येतात. प्रमाण चुकले तर एक वायू फेरीगणिक साठत जातो. हवेबरोबर आलेला आर्गॉन तसाच साठतो, कारण तो कोणत्याच समीकरणात भाग घेत नाही. म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो.

औषध उद्योगात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या सहगुणकांकडे आणखी एका नजरेने पाहिले जाऊ लागले. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये विचारले : आत टाकलेल्या अणूंपैकी किती हव्या त्या पदार्थात पोचतात? अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण झाली तरी निम्मे अणू कचऱ्यात जात असतील, तर त्या शंभराला काय अर्थ? आयबुप्रोफेन हे वेदनाशामक त्याचे गाजलेले उदाहरण. बूट्स कंपनीच्या मूळ सहा पायऱ्यांच्या पद्धतीत चाळीस टक्केच अणू औषधात पोचत. पुढे आलेल्या तीन पायऱ्यांच्या पद्धतीत ७७ टक्के, आणि सोबत तयार होणारे ॲसेटिक आम्ल परत वापरले तर जवळजवळ सगळे. हा हिशेब कारखाना उभारण्याआधी, नुसत्या समीकरणांवरून करता येतो.

रॉजर शेल्डन यांनी त्याच सुमारास दुसऱ्या टोकाने मोजले : एक किलो मालामागे प्रत्यक्ष कचरा किती? खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शंभर ग्रॅमहून कमी. औषधांत २५ ते १०० किलो. समीकरणातून निघणारा कचरा यातला छोटा वाटा असतो. मोठा वाटा अभिक्रिया घडवायला आणि नंतर माल धुऊन काढायला वापरलेल्या द्रावकांचा, आणि द्रावक संतुलित समीकरणात लिहिलेच जात नाहीत.